घरी राहिली तरी बोलणं, नोकरी केली तरी बोलणं. तुमचे अनुभव सांगा

परवा हळदीकुंकवाला गेली होती. एका काकूंनी विचारलं, "सध्या काय करून राहिली?" म्हटलं घरीच आहे, पोरगा 3 वर्षांचा आहे. "म्हणजे काहीच नाही," म्हणे. पाच मिनिटांनी त्याच काकू बँकेतल्या मैत्रिणीला, "लेकराला कोणाच्या भरवशावर ठेवते गं?" आता दोघींनीही काय करावं सांगा! घरच्या, नोकरीवाल्या, दोन्ही करून पाहिलेल्या, सगळ्यांनी लिहा. ज्ञान नको, अनुभव हवे.

मानेवाडा, नागपूर : मी बुटीबोरीला कंपनीत आहे, 26 आठवड्यांची रजा संपवून परत गेली तर पहिलाच डायलॉग, "झाला का आराम?" अरे बाप्पा, सहा महिने झोप नाही आणि आराम! 50 किंवा जास्त लोक असले तर कंपनीनं पाळणाघराची सोय द्यायची, 2017 पासून कायद्यातच आहे. आमच्याकडे त्या खोलीत जुने कॉम्प्युटर ठेवलेत. छाती भरून यायची, बाथरूममध्ये जाऊन दूध काढून बेसिनमध्ये सोडायची आणि तोंड धुऊन मीटिंगला. घरी आली की सासूबाई म्हणत, आज तो खूप रडला. त्या सहज म्हणत असतील, पण मी चप्पल काढायच्या आधीच ऐकायची ना.

धरमपेठ : मी घरी. सासूबाई रिटायर्ड शिक्षिका. पाहुण्यांना सांगतात, "सून एमकॉम आहे," आणि पुढे गप्प. तेवढंच.

मी बाबा आहे, चालेल ना? माझं वर्क फ्रॉम होम, बायको मिहानला ऑफिसात जाते. मुलीला लसीला नेलं तर तिथल्या नर्सताई म्हणे, "वा, किती करता तुम्ही!" बायकोनं आधीच्या सगळ्या लसी दिल्या, तिला कोणी वा म्हटलं नाही. शाळेच्या फॉर्मवर पहिला नंबर माझा, फोन जातो तिलाच.

सक्करदरा : आमच्या स्वयंपाकाच्या ताई 6 घरं करतात, पोरगी शेजारणीकडे ठेवतात. त्यांना कोणी विचारत नाही, करिअर का मूल. हे प्रश्न आपल्यालाच बरे पडतात.

पुन्हा मीच, हळदीकुंकवावाली. 2024 च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बाईचे दिवसाला 289 मिनिटं निघाले, पुरुषाचे 88. नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणे, "88? कोण आहे बे हा?"