लाभार्थ्याला जाणारा सरकारी संदेश: आधी वाक्यं सुधारा, मग नवं अ‍ॅप काढा

मोडीवाचक (धागाकर्ता)

लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाली. आधार क्रमांक, ओटीपी, पती किंवा वडिलांचा आधार, पुन्हा ओटीपी, आणि शेवटी घोषणापत्र. कुटुंबातलं कोणी सरकारी सेवेत कायम नोकरीला नाही, अशा नकारार्थी थाटाचं वाक्य आणि त्यापुढे होय किंवा नाही. ज्या घरात सरकारी नोकर नाही तिथली बाई सहज 'नाही' निवडणार, आणि अर्थ लागणार नेमका उलटा. जानेवारी २०२६ मध्ये चुकीचे पर्याय निवडले गेल्याचं मान्य करून अंगणवाडी सेविकांमार्फत प्रत्यक्ष पडताळणी करायला सांगावं लागलं. ओटीपी आला, आधार जुळला, तरी एका वाक्याने घात केला.

माझं म्हणणं असं. नवं पोर्टल, नवं अ‍ॅप, नवा बॉट यांची घोषणा करण्याआधी प्रत्येक विभागाने आपण लोकांना पाठवतो ती वाक्यं एका कागदावर उतरवून काढावीत. कुठल्याही योजनेत ती फार नसतात: अर्ज मिळाला, त्रुटी आहे, मंजूर, नामंजूर, पैसे सोडले, पैसे परत आले, मुदत संपत आली. प्रत्येक वाक्याला चार प्रश्न विचारायचे. काय झालं? का झालं? आता मी कुठे जाऊन काय करू? कधीपर्यंत? 'आपला अर्ज त्रुटीपूर्ततेसाठी परत पाठविण्यात आला आहे' यात पहिल्याचंच उत्तर आहे. कोणती त्रुटी, ते गुलदस्त्यात.

आणि चाचणी. योजनेबाहेरच्या दहा जणांना मजकूर वाचायला द्या आणि 'समजलं का?' असं विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. 'आता तुम्ही काय कराल?' हे विचारा. वरचा नकारार्थी प्रश्न तिथेच पकडला गेला असता. याला ना निविदा लागते ना सल्लागार.

हेडर

असहमत. वाक्यं वाईट आहेत हे खरं, पण ती ज्या नळीतून जातात तिचा व्यास बघा.

इंग्रजी एसएमएस १६० अक्षरांचा. देवनागरी आलं की मर्यादा ७०, आणि लांब संदेश जोडून पाठवला तर प्रत्येक तुकडा ६७. शिवाय मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळं वेगळं मोजलं जातं. 'महाराष्ट्र' आपल्याला चार अक्षरं दिसतात, यंत्राला दहा. बिल तुकड्यांवर होतं, म्हणून मराठी संदेश इंग्रजीच्या दुप्पट-तिप्पट महाग पडतो. मग विभाग काय करतो? इंग्रजीत पाठवतो, किंवा रोमन लिपीत मराठी, किंवा कारण गाळतो.

दुसरी अडचण ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांची. पाठवणाऱ्याचा हेडर (संदेशावर दिसणारं नाव) आणि मजकुराचा साचा दोन्ही दूरसंचार कंपन्यांच्या डीएलटी नोंदवहीत आधी मंजूर करून घ्यावे लागतात. साच्यात बदलत्या जागा ठेवता येतात, पण 'कारण' म्हणून अख्खं वाक्य तिथे ओतायला गेलात तर साचा नामंजूर होतो. एक शब्द बदलायचा तरी मंजुरी पुन्हा घ्यावी लागते. म्हणून वर्षानुवर्षं तेच गुळमुळीत वाक्य फिरत राहतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर ही मर्यादा नाही. आंध्र प्रदेशाने जानेवारी २०२५ मध्ये 'मन मित्र' ही व्हॉट्सअ‍ॅप सेवा सुरू केली तेव्हा पहिल्याच दिवशी १६१ सेवा होत्या. दाखल्याची पीडीएफ तिथेच, उलट प्रश्न विचारायची सोय तिथेच. महाराष्ट्रानेही फेब्रुवारी २०२५ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपच्या मालक मेटाशी करार केला तो याचसाठी.

मोडीवाचक

नळी अरुंद आहे म्हणून पाणी गढूळ चालेल असं थोडंच आहे? हा नमुना बघा:

'संजय गांधी योजना: मार्चचे पैसे थांबले. कारण: हयात दाखला नाही. ३० एप्रिलपर्यंत तहसीलमध्ये द्या.'

मोकळ्या जागा, मात्रा, हलन्त सगळं धरून ९४. शेवटी 'फोन:' लिहून अकरा आकडी क्रमांक टाकला तरी १११. दोन तुकड्यांत, म्हणजे १३४ मध्ये, आरामात बसतं. आणि कारणासाठी मोकळी जागा ठेवायचीच कशाला? पैसे थांबायची कारणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात: दाखला नाही, खातं बंद, आधार जोडणी दुसऱ्या बँकेत, नावात फरक. प्रत्येकाचा वेगळा साचा एकदाच मंजूर करून घ्या, बदलणारी गोष्ट फक्त महिना आणि तारीख. मंजुरीला वेळ लागतो हे कारण पहिल्या महिन्यात चालेल, पाचव्या वर्षी नाही.

केंद्रचालक_वऱ्हाड

दोघांचीही चर्चा छान चाललीय, पण संदेश पोचतोय कुणाला? सेवा केंद्रात अर्ज भरताना बाईकडे मोबाइल नसतो, किंवा असतो तो नवऱ्याकडे, किंवा रिचार्ज संपलेला. मग चालक स्वतःचा, दुकानातल्या पोराचा, नाहीतर शेजारच्याचा नंबर टाकतो आणि फॉर्म पुढे सरकवतो. अशा एकेका नंबरावर डझनांनी अर्ज असतात. पुढे 'त्रुटी आहे' हा संदेश अर्जदाराला कधी दिसतच नाही, मुदत संपते, अर्ज आपोआप रद्द. तुमचे ९४ असोत की ९४०.

उपाय अवघड नाहीत. एकाच नंबरावर ठरावीक संख्येपेक्षा जास्त अर्ज आले की पोर्टलने थांबवून विचारावं. नंबर कुणाचा, याचा रकाना ठेवावा: स्वतःचा, घरातल्याचा, केंद्राचा. 'केंद्राचा' निवडला तर त्या अर्जाची प्रत्येक सूचना छापील यादीत ग्रामपंचायतीकडे जावी. आणि नंबर बदलायची सोय अर्जाच्या पावतीवरून, ओटीपीच्या चक्रात न अडकवता हवी. आज जुना नंबर बंद झाला असेल तर तो बदलायचा ओटीपी त्याच बंद नंबरावर जातो.

आणखी एक. 'आपले बँक खाते आधारशी संलग्न नाही' हा संदेश अर्धवट आहे. बँकेत जाऊन विचारलं तर बँक म्हणते, आधार जोडलेला आहे. दोघंही खरं बोलतायत! खात्याच्या केवायसीत आधार असणं वेगळं आणि एनपीसीआयच्या (बँकांमधली देवघेव चालवणाऱ्या महामंडळाच्या) नोंदीत ते खातं डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट जमा व्हायला, लावलेलं असणं वेगळं. एका आधारावर एका वेळी एकच बँक तिथे असते, आणि शेवटी जिथे जोडणी केली तिकडे पैसे जातात. लोक जुन्या पासबुकात शोधत बसतात आणि पैसे भलत्याच खात्यात पडून असतात. माय आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' बघितलं की बँकेचं नाव दिसतं. संदेशात 'तुमचे पैसे अमुक बँकेत जात आहेत' एवढं आलं तरी तालुक्याच्या किती खेपा वाचतील.

डेस्क_चौदा

मंत्रालयाच्या बाजूने कुणी बोलत नाहीये म्हणून लिहितो.

शासन निर्णय हा नागरिकाला लिहिलेला निरोप नाही. 'वाचा', 'प्रस्तावना', 'शासन निर्णय', आणि शेवटी राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने, ही रचना कोर्टात टिकावी म्हणून असते. तिथे 'पैसे थांबले' असं सोपं लिहिलं की उद्या वकील विचारतो, थांबले म्हणजे स्थगित, रद्द की प्रलंबित? तिन्हींचे परिणाम वेगळे. एसएमएसमधलं वाक्यही त्या आदेशाशी जुळावं लागतं. सोपं लिहिण्याच्या नादात चुकीचं लिहिलं तर त्याची जबाबदारी ज्याच्या सहीने गेलं त्याच्यावर.

आणि लोकांचा गोंधळ भाषेपेक्षा बदलांमुळे होतो. लाडकी बहीणचाच पहिला शासन निर्णय २८ जून २०२४ चा, वयोमर्यादा ६० पर्यंत. लगेच ३ जुलैला सुधारणा, वयोमर्यादा ६५, कागदपत्रांना पर्याय वाढवले. तोवर पहिल्याची पीडीएफ गावोगाव पोचलेली.

तिसरं_अपील

डेस्क_चौदा, कोर्टाचा मुद्दा काढलात तर कायदाच बघू. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे अधिसूचित सेवेचा अर्ज नाकारला तर कारणं लेखी द्यावी लागतात आणि अपील कुणाकडे, किती दिवसांत, हेही कळवावं लागतं. पहिलं अपील ३० दिवसांत. मुदत पाळली नाही तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. म्हणजे 'अर्ज नामंजूर' एवढाच संदेश पाठवणं ही भाषेची ढिलाई राहत नाही, कायद्यातली कसूर होते. तुमची अवघड मराठी टिकते आणि सोपी टिकत नाही हे कुठून आलं? कोर्टाला निश्चितपणा हवा असतो. 'स्थगित' म्हणायचंय तर 'कागद मिळेपर्यंत थांबवले, मिळाल्यावर थकबाकीसह देऊ' म्हणा. हे जास्त निश्चित आहे.

फक्त एक मेख आहे, ती अर्जदारांनी ओळखून असावी. मुदत मोजायला सुरुवात परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून होते. त्यामुळे 'त्रुटी' हा सरकारी कामकाजातला सोयीचा शब्द झालाय. शेवटच्या दिवशी त्रुटी काढली की घड्याळ पुन्हा शून्यावर. त्रुटीचा संदेश फक्त एकदाच आणि सगळ्या त्रुटी एकत्र सांगणारा असावा, ही एक अट घाला. मग बघा मजकूर आपोआप कसा सुधारतो ते.

हेडर

त्रुटी एकदाच, याला अनुमोदन. पण ९४ च्या नमुन्यावर माझा आक्षेप कायम. हयात दाखला नेमका कोणता चालतो, नमुना कुठे मिळतो, अंथरुणाला खिळलेल्या माणसाने काय करायचं? हे दुसऱ्या तुकड्यात बसत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर माणूस 'कसा काढू?' असं टंकू शकतो, आवाजात विचारू शकतो. नागरिकाने स्वतः विचारलं तर पुढचे २४ तास विभागाच्या उत्तराला पैसेही पडत नाहीत.

सिंगलबार

आणि त्याच व्हॉट्सअ‍ॅपवर 'आरटीओ चलान' नावाची एपीके, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल येते, उघडली की खातं साफ. पीएम किसानच्या नावानेही तेच. लोकांना एका तोंडाने सांगायचं, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या सरकारी लिंक उघडू नका, आणि दुसऱ्या तोंडाने, दाखला व्हॉट्सअ‍ॅपवर घ्या. अधिकृत खात्याची निळी खूण बघा म्हणाल, पण फॉरवर्ड झालेल्या मजकुरासोबत निळी खूण येत नाही.

एसएमएसला निदान कुंपण आहे. ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेली लिंक असलेला व्यावसायिक संदेश अडवला जातो. २०२५ पासून हेडरच्या शेवटी प्रकार दिसतो: जाहिरातीला पी, सेवेला एस, व्यवहाराला टी, सरकारी संदेशाला जी. शेवटी जी नाही तर सरकारी नाही, हे सांगायला एक ओळ पुरते. एसटीच्या मागे, रेशन दुकानाच्या फळ्यावर, दहावीच्या निकालाच्या पानावर. ती मोहीम कुठे दिसली का कुणाला? सिंगापूरने १ जुलै २०२४ पासून सरकारी एसएमएस एकाच नावाने, गव्ह डॉट एसजी म्हणून पाठवायला सुरुवात केली, आणि संदेशाच्या सुरुवातीला खात्याचं पूर्ण नाव. आपल्याकडे प्रत्येक विभागाचा वेगळा सहा अक्षरी हेडर, तोही इंग्रजी आद्याक्षरांचा. त्यावरून खातं ओळखणं म्हणजे कोडं सोडवणं.

पहिलं पाऊल म्हणून हे करा: सरकारी संदेशात लिंक द्यायचीच नाही. कार्यालयाचं नाव, अर्ज क्रमांक, फोन, बस. मग ज्यात लिंक ते खोटं, एवढा साधा नियम आजीलाही सांगता येईल.

हेडर

लिंक नाही म्हणजे माणूस पुन्हा रांगेत. ई-केवायसीच्या वेळी लोक गुगलवर संकेतस्थळ शोधत होते आणि बनावट पानांवर जात होते, ते लिंक हातात नव्हती म्हणूनच. अधिकृत लिंक न देणं ही सुरक्षितता नव्हे.

सिंगलबार

पत्ता द्या, लिंक नको. 'ladakibahin' कोणत्या स्पेलिंगने लिहायचं हे वेगळं छापावं लागावं, हेच मुळात नाव ठरवणाऱ्यांचं अपयश. प्रत्येक योजनेला नवं संकेतस्थळ काढण्याऐवजी महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन लक्षात ठेवायचं, आणि तिथल्या पहिल्या पानावर योजनेचं नाव. एकच दार.

दवंडी

सगळ्यांचं वाचलं. गावात ज्यांना खरंच कळायला हवं ते यातल्या कशावरच नाहीत. थांबलेल्यांची यादी, कारणासह, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा आणि ग्रामसभेत वाचा. चार ग्रामसभा ठरलेल्या आहेतच. वाचून दाखवायला लागलं की लिहिणाराही सरळ लिहितो.

तिसरं_अपील

फळ्यावर अर्ज क्रमांक आणि पुढचं पाऊल लावा, नाव-आजार-जात लावू नका. निराधार, दिव्यांग, दुर्धर आजार अशा योजनांत लाभार्थ्याचं 'कारण' म्हणजेच त्याची खासगी गोष्ट असते. 'अपंगत्वाची टक्केवारी कमी' हे चावडीवर वाचायचं का?

दवंडी

मान्य. मग नुसते क्रमांक, आणि कारण ग्रामसेवकाकडे विचारायचं. पण फळा हवाच.

डेस्क_चौदा

एक तडजोड सुचवतो. शासन निर्णय आहे तसा राहू द्या. त्याला जोडपत्र म्हणून एक पान, शीर्षक 'नागरिकांसाठी': कोण पात्र, काय कागद, कुठे, कधीपर्यंत, नाकारलं तर अपील कुणाकडे. एसएमएसचे साचे त्याच पानावर. सुधारणा निघाली की हे पान नव्या तारखेसह पूर्ण बदलायचं. 'परिच्छेद ३ मधील उपखंड (ब) ऐवजी' असली शुद्धिपत्रकं या पानापुरती बंद.

मोडीवाचक

हे चालेल. पण त्या पानाला शासन निर्णयासारखाच संकेतांक आणि डिजिटल स्वाक्षरी हवी. नाहीतर पान एक सांगणार, आदेश दुसरं, आणि खिडकीवरचा माणूस म्हणणार, 'ते माहितीसाठी असतं हो, आदेश दाखवा.'

डेस्क_चौदा

स्वाक्षरी आली की विधी व न्याय विभागाचं मत आलं. मग तीन महिने धरा.

केंद्रचालक_वऱ्हाड

तीन महिने चालतील. तोवर पोर्टलवर 'मोबाइल कुणाचा' हा रकाना तरी टाका, त्याला कुणाचं मत लागत नाही.