‘निवला का?’ : गुरगुट्या भात, आसट भात आणि एक क्रियापद

जुलैतली गोष्ट. गोदेला पाणी आलं होतं, नाशिकच्या नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत, आणि होळकर पुलावर पूर बघणाऱ्यांची गर्दी. त्या गर्दीतून मी तांदळाची पिशवी आणि जाड बुडाचं पातेलं घेऊन पंचवटीतून कॉलेज रोडला मैत्रिणीच्या खोलीवर निघाले होते. स्पर्धा परीक्षेची यादी आदल्या दिवशी लागली होती. तिसऱ्यांदा तिचं नाव नव्हतं. फोनवर म्हणाली, "जेवले गं," आणि आवाजावरून कळलं की जेवलेली नाही.

तांदूळ घोटीकडचा, इंद्रायणी. एक वाटी तांदूळ, मूठभर मुगाची डाळ, सहा वाट्या पाणी, हिंग, हळद, मीठ. कुकरला लावला असता तर वीस मिनिटांत झाला असता, पण कुकरचा भात शिजतो, गुरगुटत नाही. पातेल्यात मंद आचेवर पळीने ढवळत बसावं लागतं. कढ येतो, फेस वर चढतो, आच कमी करायची, पुन्हा कढ. मग पाण्याचा आवाज बदलतो. खळखळ थांबते आणि चिखलात बुडबुडा फुटावा तसं ‘गुट्… गुट्…’ सुरू होतं. शब्द या आवाजातूनच आला असावा, असा माझा अंदाज.

ताटलीत वाढला, वर तूप, मेतकूट, शेजारी लिंबाचं लोणचं. ती सटाण्याकडची. बघून म्हणाली, "हा तर आजारी माणसाचा भात. आमच्याकडे मन लागत नसलं की तुरीच्या डाळीची खिचडी करतात, वर कच्चं तेल. मी आजारी आहे का?" मी काही बोलले नाही. ती कडेकडेने खात होती, फुंकर घालत. थोड्या वेळाने मी भाताबद्दलच विचारलं, "निवला का गं?" आणि ती ताटलीकडे बघत म्हणाली, "थोडा."

भात पुल्लिंगी, जीवही पुल्लिंगी. कोणाबद्दल बोलली ते मी विचारलं नाही. पण तेव्हापासून हे क्रियापद डोक्यात बसलंय. तर दोन प्रश्न. गुरगुट्या, आसट, मऊभात, आटवल हे सगळं एकच का? आणि ‘कम्फर्ट फूड’ला, म्हणजे मन खचलं की जे खाऊन बरं वाटतं त्याला, मराठीत काय म्हणता?

*

एकच नाही हो! मऊभात म्हणजे शीत दिसतं पण बोटाने सहज चेपतं. आसट त्याच्या पुढचा, ओलसर, पळीवरून घसरणारा. गुरगुट्यात शितं मोडून एकजीव झालेली. आणखी पाणी घातलंत की पेज, ती प्यायची. आटवलीवरून मात्र आमच्याच घरात भांडण आहे : आई तांदूळ भाजून, भरडून करते तिलाच आटवल म्हणते, सासूबाई कुठल्याही मुगाच्या मऊभाताला. आणि बाळाला भरवतात ते खिमट, ते यात मिसळू नका.

*

कम्फर्ट फूडसाठी एकदा कुणीतरी ‘सांत्वनान्न’ सुचवलं होतं. ऐकल्याबरोबर तेराव्याची पंगत डोळ्यांपुढे आली. कृपया नको.

*

निवणे आणि गार होणे यात फरक आहे, तो सांगून टाकते. दूध तापवलं, ते निवलं की विरजण लावायचं. गार झालं तर दही नीट लागत नाही. पुरण निवायच्या आत वाटायचं, नाहीतर हात भरून येतात. म्हणजे निवणे हा मधला मुक्काम : चटका गेला, ऊब राहिली. म्हणून जीव निवतो, डोळे निवतात. जीव गार झाला असं कुणी म्हटलं तर मी आधी डॉक्टरला बोलावीन.

*

व्युत्पत्ती : संस्कृतातला ‘निर्वा’, विझणे, शांत होणे. ‘निर्वाण’ त्याच घरातलं. एक शब्द मोक्षाला गेला, दुसरा ओट्यावर राहिला.

*

मूळ लेखिका पुन्हा :

विरजणाचं पटलं, अगदी पटलं. मी इतके दिवस ‘निवणे म्हणजे थंड होणे’ असंच धरून चालले होते.

त्याला जोडून एक. ‘कढ’ पण बघा. दुधाला कढ येतो, आमटीला येतो, आणि रडू येतं तेव्हाही आपण कढच म्हणतो. हुंदक्यांचे कढ, मायेचा कढ. कढ येणे आणि निवणे, दोन्ही टोकं चुलीवरचीच. त्यामुळे कम्फर्ट फूडला नाम शोधण्यात अर्थ नाही असं मला वाटायला लागलंय. आपल्याकडे हे काम क्रियापद करतं : खाऊन जीव निवला. पदार्थ कुठलाही असो, सटाण्याची खिचडी असो की माझा भात. भाषांतर करणाऱ्यांची यात गैरसोय होते हे मान्य, मेनूकार्डावर क्रियापद छापता येत नाही.

आटवलीचं भांडण मात्र सुटलं नाही. भाजून-भरडून करणारे अजून कोण आहेत? प्रमाण सांगा. पुढच्या वेळी तीच करून बघते. पातेलं अजून तिच्याच खोलीवर आहे, परवा त्यात तिने तेलाची खिचडी केली म्हणे, आणि मला बोलावलं नाही.