मदत हवी आहे: गाडीत इन्व्हर्टरवर घरचा अँप्लिफायर लावला की घरघर

कोकणवाट: गणपतीत गावी देवळापुढे भजन असतं. तिथे लाईटचा भरवसा नाही, म्हणून घरचा अँप्लिफायर नि दोन स्पीकर गाडीतून वाजवायचे आहेत. इन्व्हर्टर आणून जोडला, तर नुसतीच घरघर. आवाज वाढवला की इन्व्हर्टर टीं टीं करून बंद. घरी हाच सेट उत्तम वाजतो. शुक्रवारी निघायचंय, लवकर सांगा.

फ्यूजवाला: इन्व्हर्टर किती वॅटचा? जोडलाय कुठे? अँप्लिफायरच्या मागे किती वॅट लिहिलंय?

कोकणवाट: ३०० चा. लायटरच्या सॉकेटला, आणखी कुठे जोडणार? अँप्लिफायर २०० वॅट. पुरायला हवा ना?

फ्यूजवाला: नाही पुरत. त्या सॉकेटचा फ्यूज साधारण १० ते १५ अँपिअरचा. १२ व्होल्टला १५ म्हणजे १८० वॅट, त्यातलेही काही इन्व्हर्टरच खातो. बारीक वायरीत व्होल्टेज पडलं की बॅटरी उतरली असं धरून तो बंद होतो. थेट बॅटरीवरून जाड वायर घ्या, फ्यूज प्लसच्या अगदी जवळ. सॉकेटला मोठा फ्यूज मात्र घालू नका, वायर जळेल.

मंद्रसप्तक: घरघरीचं कारण वेगळं आहे. स्वस्त इन्व्हर्टरची वेव्ह पायऱ्यापायऱ्यांची असते, त्यावर ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो. प्युअर साइन वेव्हचाच घ्या, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत वेव्ह देणारा. गाडी रेस केल्यावर घरघरीचा सूर चढतो का? चढला तर ती इंजिनकडून येतेय.

बारा_व्होल्ट: १२ चे २३० करायचे नि अँप्लिफायरने ते परत उतरवायचे, हा द्राविडी प्राणायाम कशाला? कार अँप्लिफायर घ्या. घरचे ८ ओहमचे स्पीकर त्यावर चालतात, आवाज थोडा कमी.

मंद्रसप्तक: आणि बुवांचा माइक कुठे खुपसायचा? कार अँप्लिफायरला माइकची सोय नसते.

आजोळ: रात्री १० नंतर स्पीकरला बंदी आहे, २००० सालचा नियम. आमच्या वाडीत पेटी, पखवाज आणि झांजांवर भजन होतं, शेवटच्या घरापर्यंत ऐकू जातं.

कोकणवाट: भजन संध्याकाळचं आहे हो. रेस केल्यावर सूर चढत नाही, इंजिन बंद असलं तरी तेच. मोबाइल चार्जरवरून काढला तर घरघर निम्मी झाली.

फ्यूजवाला: मोबाइलवरून वाजवताय हे आधी सांगायचं! चार्जर आणि ऑडिओची पिन एकाच वेळी जोडली की अर्थचा लूप होतो, म्हणजे अर्थला दोन वाटा मिळतात नि घरघर येते. चार्जर काढूनच वाजवा. उरलेली घरघर इन्व्हर्टरची.

बारा_व्होल्ट: माइकचं म्हणाल तर मंडपवाल्याकडे २३० वर आणि १२ व्होल्टवरही चालणारा अँप्लिफायर मिळतो, माइक लावायची सोय असलेला. इन्व्हर्टरच नको. फक्त तुमचे स्पीकर किती ओहमचे ते त्याला सांगा. आणि मधूनमधून गाडी चालू ठेवा. ती बॅटरी स्टार्टरसाठी असते, पार उतरवली की खराब होते.

कोकणवाट: असा भाड्याने चिपळूणला मिळेल का? कोणाच्या ओळखीचा मंडपवाला आहे?