वॉचमनचे तीन हजार वाढवायचे की नाही?

दुपारचा_चहा
रविवारी सोसायटीची सभा झाली. ८४ फ्लॅट, वॉचमन चार. दोन दिवसपाळीला, दोन रात्रपाळीला, बारा-बारा तास. एजन्सी माणशी २१,००० लावते, वर १८ टक्के जीएसटी. वॉचमनच्या हातात पडतात १३,२००.

हे कळलं कारण रात्रपाळीच्या काकांनी रिचार्जला पैसे उसने मागितले. "रिचार्ज अठ्ठावीस दिवसांत संपतो साहेब, पगार पुढल्या महिन्याच्या पंधराला." उदगीरकडचे आहेत. तिघांत एक खोली, वाट्याला दोन हजार. गावी सात धाडतात. उरलेल्या बेचाळीसशेत जेवण, बसभाडं आणि बीपीची गोळी. गोळी एक दिवसाआड घेतात, म्हणजे पाकीट दोन महिने पुरतं.

मी प्रत्येकी ३,००० वाढ सुचवली. जीएसटी धरून घरटी १६९ रुपये. नामंजूर. जिमच्या आरशाला मात्र भराभर हात वर झाले. तुम्हाला काय वाटतं?

हिशोबी_खजिनदार
तीन वर्षं हे पद भोगलंय. प्रत्येक जण "फक्त १६९" म्हणतच येतो. मग लिफ्टवाला येतो, मे महिन्यात टँकर येतात, आणि पेन्शनवर जगणारे जोशीबुवांसारखे लोक मला जिन्यात गाठतात. शिवाय पैसे एजन्सीला जाणार. आम्ही मागे १,५०० वाढवले होते, गार्डपर्यंत ४०० पोचले. परवडत नसेल तर नोकरी सोडायची मोकळीक आहेच की. कुणी बांधून ठेवलंय?

कायद्याचं_बोला
मोकळीक! किमान वेतन असतं आठ तासांचं. पुढचे चार तास दुप्पट दराने, म्हणजे बारा तासांच्या पाळीला सोळा तासांचा मोबदला. आता १३,२०० चे दोन भाग करा. आठ तासांचे पडले ६,६००. कपात मिळवली तरी फार वर जात नाही. हे कुठल्या तक्त्यात बसतं ते दाखवा. खासगी सुरक्षारक्षकांसाठी राज्यात १९८१ पासून वेगळा कायदा आहे, त्याखाली गार्ड पुरवणारी सुरक्षारक्षक मंडळं आहेत. मंडळाकडून गार्ड घ्या, मधला दलाल जाईल.

तिरकस_काका
मंडळाचा दर एकदा विचारून या, मग भाषण करा. कायद्याने चालायचं तर सोसायटी कॅमेरे बसवेल, चाराचे दोन करेल. आमच्याकडे तेच झालं. पहिल्यांदा कोण गेलं? जो वयाने मोठा होता तो.

गेटवरचा_मुलगा
माझे वडील एकोणीस वर्षं वॉचमन होते. बारा तास ते स्वतः मागून घ्यायचे, कारण आठात भागत नव्हतं. दिवाळीत डबल ड्यूटी लागली की आई खूश व्हायची, हे आता आठवलं की कसंतरी होतं. साप्ताहिक सुट्टी म्हणजे खाडा. पीएफमध्ये मालकाचे १२ टक्केही त्यांच्याच पगारातून जायचे. कळलं तेव्हा रिटायर झाले होते.

तीन हजारांचा विषय जरा बाजूला ठेवा. आधी पगाराची स्लिप मागा. महिन्याचा पगार पुढच्या ७ तारखेच्या आत झालाच पाहिजे. आणि २१,००० च्या आतला माणूस ईएसआयमध्ये, म्हणजे मोफत उपचाराच्या कामगार विमा योजनेत बसतो. काकांचं कार्ड कुठंय? ते असेल तर बीपीची गोळी विकत का घेतात?

हिशोबी_खजिनदार
हे पटलं. स्लिप लावल्याशिवाय बिल पास नाही, एवढं करारात घालता येतं, खर्च शून्य. फक्त काकांचं नाव मध्ये आणू नका. अनुभवाने सांगतोय.

दुपारचा_चहा
उशीर झाला. सोमवारीच एजन्सीच्या सुपरवायझरला फोन करून काकांची स्लिप आणि कार्ड मागितलं होतं. "इतक्या वर्षांत तुमच्याकडून कोणी विचारलं नाही," म्हणाला, गोडच बोलला. काल रात्री गेटवर नवा पोरगा होता. काकांना हिंजवडीच्या साइटवर हलवलंय. खुर्चीखाली त्यांची स्टीलची बाटली राहिली आहे.