लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड बदलल्यानंतरच्या कटकटी : अनुभव येऊ द्या

बहुतेक लॅपटॉपांत ग्राफिक्स चिप मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते. त्यामुळे हा धागा मूठभरांसाठी आहे, ज्यांच्या मशीनमध्ये एमएक्सएम स्लॉट (ग्राफिक्स कार्ड काढता-घालता येणारी खाच) आहे आणि ज्यांचे हात शिवशिवतात. मी गेल्या आठवड्यात छोटं कार्ड काढून मोठं बसवलं. चालू झालं, ड्रायव्हरही बसला. पण गेम सुरू केला की पाचेक मिनिटांत फ्रेम्स कोसळतात. तापमान 72 अंश, म्हणजे तापण्याचा प्रश्न नसावा. (चार्जर लावलेला असूनही बॅटरी उतरते, पण ती जुनीच आहे.) तुमच्याकडे काय काय झालं ते लिहा. फसलेलं आधी!

*

माझी स्क्रीन काळीच. पंखा फिरतोय, कॅप्स लॉकचा दिवा लागतोय, चित्र नाही. तीनदा कार्ड काढून बसवलं. शेवटी बाहेरचा मॉनिटर जोडला, तर विंडोज आपली पासवर्ड मागत निवांत बसलेली! कार्ड दुसऱ्याच लॅपटॉपातून काढलेलं होतं, त्याच्या व्हीबायोसला (कार्डातच साठवलेल्या, ते सुरू करणाऱ्या प्रोग्रामला) माझा डिस्प्ले ओळखता येत नव्हता. माझ्या मॉडेलचा व्हीबायोस फ्लॅश केल्यावर, म्हणजे कार्डावर नव्याने लिहिल्यावर, चित्र आलं. फ्लॅश करण्याआधी मूळ फाइल जपून ठेवा. मी ठेवली नव्हती, त्या रात्री झोप लागली नाही.

*

इन्स्टॉलर म्हणे, सुसंगत हार्डवेअरच नाही. त्याच्या आयएनएफ फाइलमध्ये (ड्रायव्हर कुठल्या कार्डांना चालतो ती यादी) माझ्या कार्डाचा हार्डवेअर आयडी नव्हता. सेफ मोडमध्ये डीडीयू नावाचं सॉफ्टवेअर चालवून जुना ड्रायव्हर साफ केला, आयडी हाताने घातला, ड्रायव्हरच्या सहीची तपासणी त्या बूटपुरती बंद केली. बसला. मित्राच्या मशीनवर कोड 43 (विंडोजने कार्ड बंद केल्याची एरर) येत होता, तिथेही हेच सगळं केलं. ते कार्डच मेलेलं निघालं.

*

ब्राइटनेसच्या कळा चालत नाहीत. दोन वर्षं झाली. सवय झाली.

*

72 अंश हे चिपचं तापमान. मेमरीचं काय? मी 1 मिमीच्या जागी अर्ध्या मिमीचे थर्मल पॅड (उष्णता हीटसिंककडे नेणारे मऊ तुकडे) लावले होते, हीटसिंक मेमरीला टेकतच नव्हता. चिप थंडगार आणि स्क्रीनवर रंगीत चौकटी. मग घाबरून जाड पॅड लावले, तर चिपवरच दाब पडेना. आता मी हीटसिंक एकदा बसवून परत काढतो आणि प्रत्येक पॅडवर ठसा उमटलाय का ते बघतो. कंटाळवाणं आहे, पण करतो.

*

धागाकर्ते, बॅटरीला कशाला दोष देताय? अडॅप्टर किती वॉटचा आहे? छोटं कार्ड साधारण 55 वॉट घेतं, मोठं 100 पर्यंत जातं. अडॅप्टरला झेपेनासं झालं की मशीन उरलेली वीज बॅटरीतून ओढतं, आणि तेही पुरेनासं झालं की क्लॉक (चिपचा वेग) पाडतं.

*

120 चा आहे. इतक्या दिवसांत उलटून बघितलाच नव्हता. याच मॉडेलच्या मोठ्या कार्डवाल्या लॅपटॉपला 180 चा देतात, तो मिळवून लावला. काल दीड तास खेळलो, फ्रेम्स जागेवर, बॅटरी 100 वर. आणि हो, त्या ब्राइटनेसच्या कळा माझ्याही चालत नाहीत. तुम्ही लिहिलंत म्हणून दाबून बघितल्या.