यरीहोचा तट पाडला कोणी?

गडवेडा: बायबलच्या जुन्या करारातली यरीहो नगराची गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. यहोशवाच्या हाताखालच्या इस्राएली लोकांची तटाभोवती सहा दिवस रोज एक फेरी, सातव्या दिवशी सात, याजकांची शिंगं, लोकांची आरोळी आणि तट जागच्या जागी भुईसपाट. पण आम्ही किल्ल्यांच्या मुलखातले. तट पडला म्हटलं की आधी विचारतो, आत फितूर कोण होतं? इथेही आहेच, यरीहोतली बाई राहाब. यहोशवाच्या हेरांना धाब्यावर जवसाच्या काड्यांखाली लपवलं, वर तिचं घर तटाला लागूनच. आणि त्यानंतरचं आय नगर? पहिल्या चढाईत ३६ माणसं गेली. दुसऱ्यांदा पळण्याचं सोंग करून, मागे दबा धरून घेतलं. हा निव्वळ गनिमी कावा. देव कुठे आला यात?

संडेस्कूलवाली: दादा, गोष्ट पुन्हा वाचा. राहाबने वेशीचं दार उघडलेलं नाही. उलट हेरांनाच खिडकीतून दोर सोडून बाहेर काढलं. अशी कसली फितुरी? आणि आयला दबा धरा, हे यहोशवाला परमेश्वरच सांगतो. पहिली हार झाली ती त्यांच्यातल्याच आखानाने यरीहोची लूट लपवली म्हणून. युक्ती वेगळी, कृपा वेगळी असे दोन कप्पे तुम्ही पाडताय, ग्रंथ पाडत नाही.

खापरशोध्या: आधी तट होता का ते बघा! पुरातत्त्वज्ञ कॅथलीन केनियन यांनी १९५२ ते ५८ यरीहो खणलं. तट ढासळलेला, गाव जळालेलं, सगळं सापडलं. पण त्यांच्या मते ते इ.स.पू. १५५० च्या सुमाराचं. यहोशवाचा काळ साधारण त्यानंतरचा धरतात. आय म्हणून जी टेकडी दाखवतात तिथे तर त्या काळात वस्तीच नव्हती. यहोशवाने जाळलं म्हणतात ते हासोर नगर मात्र इ.स.पू. तेराव्या शतकात खरंच जळालं. कोणी जाळलं, यावर अजून भांडणं चालू आहेत.

गडवेडा: ताई, बायबलातलं शास्ते १:१९ काय म्हणतं? परमेश्वर यहूदा या इस्राएली वंशाबरोबर होता, तरी खोऱ्यातले लोक हटेनात, कारण त्यांच्याकडे लोखंडी रथ. पुढे इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरच्या सन्हेरीब राजाने यहूदाच्या लाखीश नगराला दमदमा रचून तट फोडला. तो दमदमा आजही दिसतो. तेव्हा मदत कुठे होती?

संडेस्कूलवाली: त्याच स्वारीत यहूदाची राजधानी यरुशलेम वाचलं, ते गाळलंत! सन्हेरीब स्वतःच्या लेखात तिथल्या राजा हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पाखरासारखं कोंडल्याची बढाई मारतो, नगर घेतलं असं म्हणत नाही.

खापरशोध्या: खंडणी वसूल केली, हेही म्हणतो. आणि हिज्कीयाने आधीच कातळातून ५३३ मीटरचा बोगदा काढून झऱ्याचं पाणी आत वळवलं होतं. वेढ्यात पाणी असणारा तगतो.

संडेस्कूलवाली: यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात २२व्या अध्यायात यावरूनच फटकारलंय: दोन तटांमध्ये हौद बांधलात, पण हे ज्याने घडवलं त्याच्याकडे पाहिलं नाही.

गडवेडा: पटलं. पण वेढा पडला तेव्हा यशयाही यरुशलेमातच होता. पाणी त्याच हौदाचं प्यायला असेल ना?