एजंटच्या टूलचं वर्णन: सविस्तर लिहायचं की चार शब्दांत उरकायचं?

वाळवेकर_बीम:
सांगलीत विश्रामबागेतल्या एखाद्या ऑफिसात चार मजली इमारतीचं रेव्हिट (इमारतीचं त्रिमितीय मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर) मॉडेल एमसीपी सर्व्हरमार्फत (एजंटला बाहेरच्या सॉफ्टवेअरशी जोडणारा दुवा) एआय एजंटला, म्हणजे स्वतः टूल वापरून काम करणाऱ्या एआयला, जोडलंय असं धरा. एजंटला तुमचा कोड दिसत नाही. टूल म्हणजे त्याला बोलावता येणारं एकेक फंक्शन; त्याचं नाव, वर्णन आणि इनपुटचा जेसन स्कीमा (माहिती कोणत्या साच्यात द्यायची ते), एवढ्यावरच तो निर्णय घेतो. तरी बहुतेक ठिकाणी वर्णन काय असतं? ‘मॉडेलमधल्या भिंती देतो.’ संपलं.

रेव्हिट आतून लांबी फुटात ठेवतं, स्क्रीनवर मिलिमीटर दिसत असले तरी. ३००० मिमी उंचीची भिंत एपीआयकडून (प्रोग्रामने रेव्हिटशी बोलायचा मार्ग) ९.८४२५ होऊन येते. एजंट ते मीटर समजला तर पुढचं सगळं गणित तिपटीने वाढलं. घनफळाचं तर विचारूच नका, १ घनमीटरला ३५.३१ घनफूट. शिवाय कलेक्टर (मॉडेलमधले घटक शोधणारा एपीआयचा भाग) फक्त चालू फाइलमधलेच घटक शोधतो. स्ट्रक्चरचं मॉडेल वेगळ्या फाइलमध्ये असून नुसतं लिंक केलेलं असेल तर कॉलम शून्य येतात आणि एजंट बिनधास्त सांगतो, ‘इमारतीत कॉलम नाहीत’.

माझं म्हणणं, एकक काय, लिंक धरलेत की नाही, काय वगळलंय आणि टूल मॉडेलमध्ये काही बदलतं का, हे सगळं वर्णनात आलंच पाहिजे. लांबलं तर लांबू दे.

कमी_लिहा:
साफ असहमत. वर्णन वाढवून रोग बरा होत नाही. एकक वाक्यात कशाला हवं? रूपांतर टूलच्या आतच करा आणि फील्डचं नाव ‘उंची_मिमी’ ठेवा, वाचायची गरजच उरत नाही. ४० टूल आणि प्रत्येकाचं ३०० शब्दांचं वर्णन म्हणजे १२,००० शब्द. कित्येक क्लायंट (एजंट चालवणारी ॲप्स) ते सगळे सुरुवातीलाच एजंटपुढे ओततात, काम सुरू व्हायच्या आधी.

शिवाय मजकूर शिळा होतो. रेव्हिट २०२४ मध्ये एलिमेंट आयडी (प्रत्येक घटकाचा क्रमांक) ६४ बिटचा झाला. कोड लोकांनी बदलला, वर्णनं तशीच राहिली. खरं डॉक्युमेंटेशन म्हणजे चूक झाल्यावर टूल परत देतं तो संदेश. ‘लेव्हल (मजल्याची पातळी) सापडली नाही’ एवढंच म्हणू नका. ‘तळमजला नावाची लेव्हल नाही, उपलब्ध: प्लिंथ, पहिला, दुसरा, गच्ची’ असं परत द्या. एजंट स्वतःच सुधारतो.

वाळवेकर_बीम:
चूक झाल्यावरच्या संदेशाचं एकदम मान्य. पण फील्डचं नाव एकक सांगेल, शून्य कुठलं धरलंय ते नाही सांगणार. सांगलीत पहिला प्रश्न येतो तो ‘प्लिंथ पुराच्या वर आहे का?’ कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. ते आकडे पुलावरच्या पाणी मोजायच्या पट्टीच्या शून्यापासूनचे. रेव्हिटमधली लेव्हलची उंची त्या लेव्हल टाइपच्या ‘एलिव्हेशन बेस’वर ठरते: प्रोजेक्ट बेस पॉइंट (इमारतीचं स्वतःचं शून्य) की सर्व्हे पॉइंट (जमिनीच्या सर्वेक्षणाचा संदर्भबिंदू). एकात प्लिंथ ०.६ मीटर, दुसऱ्यात समुद्रसपाटीपासून साडेपाचशेच्या घरात. ‘उंची_मी’ या नावाखाली दोन्ही बसतात, आणि पुलावरच्या फुटांशी दोन्हींची थेट तुलना चुकीचीच.

कमी_लिहा:
मग आकड्यासोबत ‘संदर्भ: सर्व्हे पॉइंट’ असं उत्तरातच द्या ना. तरीही वर्णनात नको.

मोजणीपुस्तक (सातारा):
तुम्ही दोघं फुटामीटरात अडकलात. बिलात मार बसतो तो व्याख्येमुळे.

आयएस १२०० (बांधकाम मोजण्याचं भारतीय मानक) च्या भाग १२ प्रमाणे गिलाव्यात ०.५ चौमीपर्यंतचं उघडं (दार, खिडकी, झरोका) वजा होत नाही. ०.५ ते ३ चौमीचं असेल आणि दोन्ही बाजूंना एकाच प्रकारचा गिलावा असेल तर एकाच बाजूने वजा. रेव्हिटमधलं भिंतीचं ‘एरिया’ मात्र एका बाजूचं आणि दारंखिडक्या सरसकट वजा केलेलं. एजंट त्याची दुप्पट करतो. आतल्या भिंतीतलं ०.९ × २.१ चं दार १.८९ चौमीचं, तेवढा गिलावा प्रत्येक दारामागे कमी भरतो. अशी ३२ दारं धरली तर ६०.४८ चौमी. संडासाचा ०.६ × ०.६ चा झरोका तर वजा व्हायलाच नको. उत्तर तरीही दोन दशांशांपर्यंत नेटकं दिसतं, म्हणून कुणी हटकत नाही.

ही गोष्ट फील्डच्या नावात कशी कोंबणार? टूलच्या वर्णनात एक ओळ हवीच: ‘निव्वळ क्षेत्रफळ, एक बाजू, सर्व उघडी वजा, आयएस १२०० प्रमाणे नाही.’ आयएफसीत (मॉडेल इतर सॉफ्टवेअरला द्यायचा खुला फाइल प्रकार) ढोबळ आणि निव्वळ अशी दोन्ही क्षेत्रफळं ठेवायची सोय आहे, पण निर्यात करताना बेस क्वांटिटीचा (मूळ मोजमापांचा) पर्याय निवडला नसेल तर ती फाइलमध्ये येतच नाहीत. अशा वेळी टूलने ‘माहिती नाही’ म्हणावं, ० देऊ नये.

कमी_लिहा:
ही एक ओळ मंजूर. तीनशे शब्द नाहीत.

कृष्णाकाठ_एपीआय:
वाचणाऱ्या टूलवरच एवढं? बदल करणारी टूल जास्त घातक. भिंत काढली की तिच्यातली दारंखिडक्याही जातात. वर्णनात हे नसेल तर एजंट ‘एक भिंत काढली’ एवढंच कळवतो. काढलेल्या सगळ्या घटकांची यादी रेव्हिट एपीआयची डिलीट आज्ञा परत देते, ती एजंटकडे पुढे पाठवा.

दुसरं टाइमआउटचं, म्हणजे उत्तराची वाट पाहायची मुदत संपण्याचं. बाहेरून आलेली विनंती रेव्हिट मोकळं झाल्यावरच चालते. कुणी डायलॉग उघडा ठेवून चहाला गेलं की सर्व्हर, समजा ३० सेकंदांनी, हात वर करतो, पण विनंती रांगेतच असते. एजंट पुन्हा पाठवतो. डायलॉग बंद होताच एकाच जागी दोन कॉलम. ‘टाइमआउट आला तर आधी तपासा, मगच पुन्हा पाठवा’ हे वाक्य वर्णनात हवं, आणि त्याच विनंतीचा क्रमांक दुसऱ्यांदा आला तर सर्व्हरने ती नाकारावी. नुसत्या वाक्यावर विसंबू नका. ‘फक्त वाचतो’, ‘नष्ट करतो’ ही एमसीपीतली लेबलंही सूचनाच आहेत, कुलूप नाही.

वाळवेकर_बीम:
मग असं करू: वर्णन ४० शब्दांत, बाकीचं वेगळ्या ‘मदत’ टूलमध्ये.

कमी_लिहा:
मदत टूल एजंट बोलावतो ते अडल्यावर. मोजणीपुस्तकरावांच्या दारांच्या हिशेबात तो कुठे अडतोय? त्याला आकडा मिळालेला असतो.

मोजणीपुस्तक (सातारा):
तेच तर. म्हणून ती ओळ वर्णनातही ठेवा आणि प्रत्येक आकड्याबरोबर उत्तरातही पाठवा. दोनदा आली तरी चालेल, बिल दोनदा करावं लागत नाही.